माणूस गेला की कुणाचं फावतं?

तळोजा औद्योगिक वसाहतीत काही कारखान्यांच्या फाटकाशेजारी 'कामगार पाहिजेत' अशी पाटी दिसते. ती कागदावर लिहून चिकटवलेली नसते. पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवून, खिळे ठोकून पक्की केलेली असते. माणसं येणार, चार-सहा महिन्यांत जाणार, पुन्हा नवी लागणार, हे धरूनच पेंटरला बोलावलेलं असतं. शेजारच्या खारघरमध्ये अशा पाट्या नाहीत. तिथली ऑफिसं, खासगी रुग्णालयं, शाळा, शोरूम आणि बिल्डरांच्या कचेऱ्या हेच दुखणं 'ॲट्रिशन' या नावाने अंगावर काढतात. नर्स हाताशी येते न येते तोच दुसऱ्या रुग्णालयात जाते. अकाउंटंट मार्चअखेर आटोपला की राजीनामा टाकतो. मग एचआर विभाग कामाला लागतो. वाढदिवसाला केक, शुक्रवारी खेळ, भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब'. केक संपतो, माणूस जातो आणि मालक म्हणतात, हल्लीच्या मुलांना निष्ठा म्हणून राहिलीच नाही.

या 'हल्ली'चं वय शंभर वर्षांहून जास्त आहे. खाडीपलीकडच्या गिरणगावात हीच तक्रार, याच सुरात, आजच्या मालकांच्या पणजोबांच्या काळी चालू होती. त्या काळाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. माणूस का गेला, याची चौकशी दर वेळी झाली. त्याच्या जाण्याने कुणाचं फावलं, ही चौकशी क्वचितच झाली. आणि जेव्हा झाली, तेव्हाच काही बदललं.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावरांनी १८५४ साली केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गिरणीमालकांचं एकच पालुपद होतं: हा कामगार मुळात शेतकरी. त्याचं अंग गिरणीत आणि जीव रत्नागिरीत. शिमगा आला, गणपती आले, भाताची कापणी आली की निघाला गावाला. त्याला टिकवणार कसं? ऐकायला हे पटतं, कारण खाडे खरोखरच होत आणि कोकणच्या बोटी सणासुदीला खरोखरच भरून जात. पण रोजच्या सत्यात आणखीही काही होतं. त्या कामगाराला मुंबईत तग धरता आला तो गावमंडळाच्या खोल्यांवर आणि खानावळवाल्या बायांच्या उधारीवर. गिरणीच्या मालकीच्या चाळी थोड्या होत्या, आणि संपात पहिली गदा घरावरच येणार म्हणून कामगारही त्यांच्याबद्दल साशंक असे. राजनारायण चंदावरकरांचा गिरणगावावरचा अभ्यास हा मुद्दा उलटा करून दाखवतो. गाव सुटत नाही म्हणून माणूस गिरणीत टिकत नाही, असं मालक म्हणत. खरं तर गिरणीचा भरवसा नाही म्हणून त्याला गाव सोडणं परवडत नव्हतं. त्याआधी, १९६५ साली, मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकी अभ्यासकानेही मुंबईच्या गिरणी कामगारांवरच्या पुस्तकात असंच काहीसं म्हटलं होतं: कामगारांची बेशिस्त ज्याला म्हणतात ती बरीचशी मालकांनी चालवलेल्या पद्धतीची देणगी होती.

ही पद्धत म्हणजे मुकादम. कागदोपत्री 'जॉबर'. खात्यात माणूस भरायचा त्याने, काम वाटून द्यायचं त्याने, रजा द्यायची त्याने आणि काढूनही टाकायचं त्यानेच. गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला कामगारांची भाषा येत नसे, नावं माहीत नसत. त्याला सकाळी साचे चालू दिसले की पुरे. नोकरी लावल्याबद्दल कामगार मुकादमाला दस्तुरी देई. पुष्कळदा ती पहिल्या पगारातून कापली जाई, कधी दर महिन्याला द्यावी लागे. आता यातला हिशेब पाहा. जुना माणूस राहिला तर मुकादमाच्या हातात नवं काही पडत नाही. तो गेला, त्याच्या जागी नवा आला, की नवी दस्तुरी. माणसं टिकवायचं काम ज्याच्याकडे सोपवलं होतं, त्याचंच घर माणसं जाण्यावर चालत होतं.

मालकांनी यावर जे उपाय योजले ते अडवून ठेवण्याचे होते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्याशिवाय हातात पडत नसे. मधेच कुणी न सांगता गेला तर अडकलेला पगार बुडाला. म्हणजे सहा आठवड्यांपर्यंतची मजुरी मालकाच्या तिजोरीत ओलीस. त्याच्याही आधी, १८५९ साली, सरकारने एक कायदाच केला होता: आगाऊ पैसे घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या कारागिराला आणि मजुराला फौजदारी न्यायालयात खेचता येई, तुरुंगातही पाठवता येई. नोकरी सोडणं हा गुन्हा! हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडावं लागलं.

एवढं करूनही माणसं थांबली का? १८९६ मध्ये मांडवीत प्लेग शिरला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. कामगार गावी पळाले, अडकलेल्या पगारावर पाणी सोडून पळाले. मग जे उरले त्यांच्यासाठी गिरण्यांमध्ये चढाओढ लागली. नाक्यानाक्यावर मजुरांची बोली लागत होती, असे उल्लेख त्या काळच्या नोंदींत आहेत. महिन्याचा पगार दीड महिन्याने देणाऱ्या गिरण्या रोजचा रोज रोकडा मोजू लागल्या. पगार अडवणं हा काही निसर्गनियम नव्हता, हे त्या वर्षी सिद्ध झालं. प्लेग ओसरला आणि गिरण्या आपल्या जुन्या वळणावर गेल्या.

१९२९ साली जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीचा तपास करणारा शाही आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने मुकादमाच्या दस्तुरीवर नेमकं बोट ठेवलं. नोकरभरती आणि बडतर्फी मुकादमाच्या हातून काढा, कारखान्यात स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा, त्याने थेट व्यवस्थापकाला जबाबदार असावं, अशी शिफारस केली. १९३४ मध्ये मुंबई सरकारने कायदा करून लेबर ऑफिसरचं पद निर्माण केलं. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्डं देऊन रिकाम्या जागा नोंदीतल्या माणसांतूनच भरायची पद्धत आली. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेपर्यंत, नाहीतर दहा. त्याच १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. पुढे ती देवनारला गेली आणि टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. कारखान्यांना लागणारे शिकलेले कल्याण अधिकारी तिथून बाहेर पडू लागले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी असा अधिकारी सक्तीचा केला.

आज खारघरच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या एचआर मॅनेजरची ही वंशावळ आहे. तो मुळात मुकादमाला बाजूला सारण्यासाठी आला. हे त्याला एमबीएच्या दोन वर्षांत कुणी सांगत नाही.

टिकवण्याची दुसरीही एक परंपरा महाराष्ट्रात होती, आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली. खाड्यांचा प्रश्न तिथेही होताच. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाच्या वह्या जाड करण्याऐवजी चांगल्या हजेरीला बक्षिसं लावली, १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघातात भरपाई द्यायला सुरुवात केली. सरकारचा भरपाईचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२३ मध्ये आला. टाटा साधू होते म्हणून हे झालं, असं मानायचं कारण नाही. नागपुरात मुंबईसारखी फाटकाबाहेर उभी असलेली गर्दी नव्हती. नवा माणूस शिकवण्यापेक्षा जुना जपणं तिथे स्वस्त पडत होतं, आणि तो हिशेब त्यांनी वेळेवर मांडला. पुढे शतकभराने ती गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली, हा भाग वेगळा.

पण या विषयात आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती किर्लोस्करवाडीची कथा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली, जिथे सायकलींचं दुकान आधीच चालू होतं. एका संस्थेने एका बढतीत काय घालवलं याचा असा रोख पुरावा क्वचितच सापडतो. बेळगावात नांगरांचा कारखाना उभा राहिला, तर नगरपालिकेला ती जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. शेवटी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन देऊ केली. १९१० साली निवडुंगाच्या त्या रानात पंचवीसेक कामगार आपली बायकामुलं घेऊन लक्ष्मणरावांबरोबर राहायला गेले.

हे लोक का गेले असतील? पगार काही मुंबईचा नव्हता. पाण्याची वानवा, वस्ती नाही, सापकिरडू. पण मालक त्याच माळावर राहत होता, शिक्षा भोगून आलेल्या माणसालाही तिथे पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती, शिवाशिव पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षण कमी आणि हात चांगला असलेल्या माणसाला यंत्रावर बढती मिळत होती. व्हीजेटीआयत जे मिळालं नव्हतं ते लक्ष्मणरावांनी माळावर दुसऱ्यांना दिलं. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ते मासिक पुढे अवघ्या महाराष्ट्राने वाचलं. आजच्या कंपन्यांच्या गुळगुळीत न्यूजलेटरांना हे भाग्य लाभेलसं वाटत नाही.

याला गोडवा फासायचं कारण नाही. कारखान्याच्या वसाहतीत घर नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की छप्परही गेलं. मालक बापासारखा वागतो, तेव्हा बापासारखा घरातही डोकावतो. हेन्री फोर्डने हेच केलं. १९१३ साली त्याच्या कारखान्यात सुमारे चौदा हजारांचा ताफा कायम राखण्यासाठी वर्षभरात बावन्न हजारांवर माणसं भरावी लागली होती. कंटाळवाण्या पट्ट्यावर कुणी थांबेना. जानेवारी १९१४ मध्ये त्याने आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर केला, जवळपास दुप्पट, आणि गळती आटली. पण त्या पाच डॉलरसाठी कामगार दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे पाहायला कंपनीचे तपासनीस घरोघर फिरत. तरी पाच डॉलर हे पाच डॉलर होते. भिंतीवरच्या 'कुटुंबा'त तेवढंही नसतं.

अडवणुकीची परंपरा मधल्या काळात मेली नाही. तिने काळा कोट घातला. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनने १९६१ साली हॉलंड आणि जर्मनीतल्या कंपन्यांकडून टायरच्या धाग्याचं तंत्र घेतलं आणि १९६३ मध्ये एका पाळी पर्यवेक्षकाला पाच वर्षांच्या करारावर घेऊन शिकवून तयार केलं. पुढच्याच वर्षी तो जास्त पगारावर कोट्याच्या रेयॉन कंपनीत निघून गेला. कंपनी कोर्टात गेली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराची मुदत संपेपर्यंत त्याने तसल्याच धंद्यात दुसरीकडे काम करू नये. हा निकाल आजही वकील रोज उद्धृत करतात. मात्र त्याची दुसरी बाजू ते मालकांना सांगत नाहीत. न्यायालय माणसाला दुसरीकडे जाण्यापासून काही काळ रोखू शकतं. त्याला परत आणून तुमच्या यंत्रावर उभं करू शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही, हे कायद्याचं जुनं सूत्र आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेले दोन लाख रुपये न्यायालयाने योग्य ठरवले, तेव्हा अनेक खासगी कंपन्यांना बाँडचा नवा हुरूप आला. त्या निकालात सार्वजनिक बँकेच्या भरतीचा खर्च आणि तिथली जाहिरात-परीक्षेची सक्ती हा मोठा आधार होता, ही ओळ वाचायला बहुधा वेळ मिळाला नसावा.

आयटी कंपन्यांतला तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, अडवलेलं रिलिव्हिंग लेटर, महिनोन्‌महिने लटकणारं 'फुल अँड फायनल' हे सगळं १९३६ पूर्वीच्या अडकलेल्या पगाराचंच नवं रूप आहे. परिणामही तसाच. ज्याला तीन महिने जाता येत नाही, तो तीन महिने ऑफर गोळा करत बसतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना रोज त्या ऐकवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने राजीनामा देणाऱ्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायला सांगितलं आहे. हे कलम एचआरच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. केकच्या फोटोशेजारी जागा असेल.

आता मूळ मुद्दा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. त्यानंतरच्या वीस वर्षांत मुंबईच्या गिरण्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने आक्रसले किंवा बंद पडले. ज्या कंपन्यांनी तीस वर्षं 'टिकून राहा' म्हटलं होतं, त्यांनी व्हीआरएसची पाकिटं हातात ठेवली. खारघरमध्ये सिडकोच्या 'घरकुल', 'स्पॅगेटी', 'स्वप्नपूर्ती'सारख्या वसाहतींत आज जी पस्तिशी-चाळिशीतली माणसं राहतात, त्यांतल्या अनेकांनी लहानपणी वडिलांना पन्नाशीत घरी बसलेलं पाहिलं आहे. निष्ठेचा भाव काय मिळतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना बेइमान म्हणण्याआधी कंपन्यांनी आपलं जुनं दप्तर काढून पाहावं.

त्याच काळात कारखान्यांनी एक गोष्ट शिकून घेतली: माणूस टिकला की महाग पडतो. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करावं लागतं. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते. म्हणून २४० दिवसांच्या आत 'ब्रेक' द्यायचा, हा तळोज्यापासून चाकणपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द जन्माला आला. जाऊ दे आठ-पंधरा दिवस गावी, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत ये. एकाच कंपनीत वरच्या मजल्यावर 'रिटेन्शन' या विषयावर पॉवरपॉइंट चालू असतं आणि खाली शॉप फ्लोअरवर माणूस टिकू नये याची तजवीज केलेली असते. मग तोच मालक कुशल वेल्डर मिळत नाही म्हणून उद्योजकांच्या बैठकीत हळहळतो. वेल्डर कुशल होतो तो तिसऱ्या वर्षी. त्याला आठव्या महिन्यात घालवलेलं असतं.

मुकादम परत आला तो या दाराने. आता तो कंत्राटदार आहे आणि ऑफिसच्या भरतीत प्लेसमेंट एजन्सी. एजन्सीचा बाजारात रुळलेला दर वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, ८.३३ टक्के, आणि उमेदवार तीन महिन्यांच्या आत गेला तर बदली माणूस फुकट. चौथ्या महिन्यात गेला तर नवं बिल. दस्तुरीचा यापेक्षा सभ्य अवतार कोणता? (योगायोग असा की कायद्याने ठरवलेला किमान बोनसही ८.३३ टक्केच आहे. माणूस आणून बसवण्याला एजन्सीला जे मिळतं ते वर्षभर टिकण्याला कामगाराला मिळतं, आणि तेही ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर.) कंत्राटदाराला तर माणूस कोण आहे याच्याशीच देणंघेणं नसतं. त्याचं बिल हजेरीच्या डोक्यांवर निघतं. डोकं तेच असो वा दुसरं.

इथे रायगडातली एक नाजूक बाजू सांगायला हवी. नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. जमीन गेलेल्यांची मागणी नोकऱ्यांचीही होती. अनेकांच्या पदरी नोकरीऐवजी कंत्राट पडलं. त्यामुळे कंत्राटदाराला खलनायक ठरवणं सोपं असलं तरी न्याय्य नाही. त्याने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं नाही. जे मिळालं ते तो चालवतो. चूक कंपनीच्या करारात आहे, जो त्याला माणसं टिकवण्याबद्दल काही देत नाही.

आता खारघर. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको आली, १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा. आराखड्याच्या मुळाशी कल्पना अशी की प्रत्येक उपनगरात घर आणि काम जवळजवळ असावं, सगळ्यांनी सकाळी दक्षिण मुंबईकडे धाव घ्यायची गरज पडू नये. घरं झाली. काम मात्र मागे राहिलं. खारघरचा मोठा वर्ग आजही हार्बर लोकलने तासाभराहून जास्त प्रवास करून मुंबई गाठतो, किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीला जातो. उलट तळोज्यातले अनेक कामगार कळंबोली, पनवेल, दिवा, अंबरनाथकडून येतात, कारण खारघरचं भाडं त्यांना झेपत नाही.

याचा अर्थ इथल्या लहान-मध्यम कंपनीच्या हातात एक असा हुकमी एक्का आहे जो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कंपनीकडे नाही: वेळ. रोजचे दोन-अडीच तास वाचवणारी नोकरी म्हणजे पगारवाढच. पण तीच कंपनी सायंकाळी साडेसातपर्यंत माणसाला बसवून तो एक्का स्वतःच फाडून टाकते. विशेषतः बायकांच्या बाबतीत हे फार जाणवतं. मुंबईची नोकरी मूल झाल्यावर सोडलेल्या, शिकलेल्या, दहा-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या किती स्त्रिया खारघरच्या सेक्टरांत घरी बसल्या आहेत, हे कुठल्याही सोसायटीच्या आवारात संध्याकाळी कळतं. २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे. तळोज्यातल्या चार कारखान्यांनी आणि खारघरमधल्या दोन रुग्णालयांनी मिळून एक चांगलं पाळणाघर चालवलं, तर जितकी माणसं टिकतील तितकी कुठल्याही 'एंगेजमेंट' कार्यक्रमाने टिकायची नाहीत.

१७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे. पेंधर स्टेशन तळोजा वसाहतीच्या तोंडाशी आहे, पण स्टेशनपासून आतल्या प्लॉटपर्यंतचा रस्ता कंटेनरांच्या रांगेतून आणि रिक्षावाल्याच्या मर्जीने पार करावा लागतो. एकेका कंपनीने बस लावणं परवडत नाही. वसाहतीने मिळून पाळीच्या वेळा साधणाऱ्या फेऱ्या लावणं परवडतं.

लहान उद्योजकाची हरकत आम्हाला माहीत आहे. तो म्हणतो, माझा चाळीस माणसांचा कारखाना. मी पोराला शिकवतो आणि मोठी कंपनी तीन हजार जास्त देऊन उचलते. मी काय शाळा काढली आहे? हरकत खरी आहे. आणि ती आता तीव्र होणार आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. सामान हाताळणी, सुरक्षा, स्वच्छता, स्वयंपाकघरं, गोदामं, हॉटेलं अशी भरती पनवेल परिसरातून होणार. खारघरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या धर्तीवर कॉर्पोरेट पार्क उभारायचा सिडकोचा बेत आहे. तो उभा राहिला की ऑफिसातली माणसंही खेचली जातील. पगाराच्या लिलावात लहान कारखाना हरणार, हे गृहीत धरून चालावं. पण विमानतळावरच्या नोकऱ्याही पुष्कळशा कंत्राटीच असणार, पाळ्या रात्रीच्या असणार. जवळची, वेळेत सुटणारी आणि कायम असलेली नोकरी विमानतळ सगळ्यांना देऊ शकणार नाही. तळोज्यातला मालक ती देऊ शकतो, त्याने २४० व्या दिवसाची धास्ती सोडली तर. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसालाही आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते. मग ब्रेक देण्यातली बचत तशीही घटली.

आणि करार बदलायचा तर फार मोठं काही करावं लागत नाही. एजन्सीची फी एकदम न देता चार हप्त्यांत द्यावी: रुजू झाल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी. कंत्राटदाराचा सेवा आकार माणसाच्या जुनेपणाबरोबर वाढावा. पहिल्या वर्षाच्या माणसामागे कमी, तिसऱ्या वर्षाच्या माणसामागे जास्त. खातेप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या हाताखालून किती जण गेले, आणि गेले ते कुठल्या महिन्यात, ही एक ओळ असावी. कंपन्यांची बरीचशी मनुष्यबळ कंत्राटं नव्या आर्थिक वर्षाबरोबर एप्रिलमध्ये नव्याने सही होतात. मसुदे फेब्रुवारीतच तयार होत असतात, तेव्हा कायदा विभागाला आणि कंत्राटदाराला एकत्र बसवायला जानेवारी बरा. कंत्राटदार पहिल्या बैठकीत नाही म्हणेल. त्याला दर वाढवून मिळतो आहे, हे आकड्यांत मांडून दाखवलं तर दुसऱ्या बैठकीत तो आपला हिशेबनीस घेऊन येईल.